अल्टरनेटर चांगला, इंजिन गेलं: वर्कशॉपच्या जनरेटरला छोटं डिझेल बसवताना

जनरेटर जुना झाला की आधी इंजिन जातं. अल्टरनेटरचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं) तांबं शाबूत असतं, बेअरिंग फार तर किरकिरतात. इंजिन मात्र ऑइल खायला लागलेलं, पिस्टन सैल, आणि सुटे भाग मिळायचे बंद. अशा वेळी अख्खा जनरेटर भंगारात घालण्यापेक्षा नवीन छोटं डिझेल बसवणं परवडतं. अट एकच, इंजिन अल्टरनेटरला बघून आणायचं. स्वस्तात मिळालं म्हणून आधी इंजिन आणलं आणि मग अल्टरनेटरशी जुळवत बसलं, की टर्नरची बिलं वाढतात आणि शेवटी दिवे लुकलुकतात ते लुकलुकतातच.

इथे डोळ्यांसमोर धरलेला सेट असा: ५ केव्हीए, सिंगल फेज, मिनिटाला १५०० फेऱ्यांचा, दोन बेअरिंगचा अल्टरनेटर, लोखंडी बेसवर. पुण्यात भोसरीपासून धायरी-नांदेड फाट्यापर्यंतच्या छोट्या शेडमध्ये असे सेट खूप आहेत. तुमचा ३००० फेऱ्यांचा पोर्टेबल असेल, तर टप्पा ३ मधला त्याचा भाग आधी वाचा.

१. आधी अल्टरनेटरची पाटी वाचा

पाटी घासून पुसा आणि फोटो काढून ठेवा. केव्हीए, व्होल्ट, अँपिअर, पॉवर फॅक्टर, फेऱ्या आणि हर्ट्झ एवढं टिपून घ्या. पाटी गेली असेल तर पोल मोजा. ५० हर्ट्झला ४ पोलचा अल्टरनेटर १५०० फेऱ्यांवर चालतो, २ पोलचा ३००० वर. मधलं काही नाही. "१८०० ला पण चालतो" असं कोणी सांगितलं तर तो ६० हर्ट्झचा हिशोब आहे, आपल्याकडे उपयोगाचा नाही.

मग मेगर (इन्सुलेशन तपासायचा मीटर) लावा. ५०० व्होल्टच्या मेगरनं वाइंडिंग ते बॉडी १ मेगाओमच्या वर यायला हवं. त्याआधी एव्हीआरच्या (व्होल्टेज आपोआप स्थिर ठेवणाऱ्या कार्डाच्या) वायरी सोडवा, नाहीतर मेगरच एव्हीआर मारेल. पावसाळाभर कोपऱ्यात पडलेला अल्टरनेटर कमी दाखवतो, म्हणून लगेच रिवाइंडिंगला पाठवू नका. आत १०० वॅटचा बल्ब लावून, वर गोणपाट टाकून दोन दिवस वाळवा आणि पुन्हा मोजा. तरीही कमी आला, तर आधी अल्टरनेटरचा खर्च धरा आणि मगच इंजिनाचा विचार करा.

शाफ्ट हातानं फिरवून पाहा. खरखर जाणवली तर बेअरिंग आत्ताच बदला, नंबर बेअरिंगच्या कडेलाच कोरलेला असतो. सेट जोडून झाल्यावर तेच काम दुप्पट होतं.

२. किती एचपी लागेल ते कागदावर काढा

५ केव्हीए गुणिले ०.८ पॉवर फॅक्टर म्हणजे ४ किलोवॉट. एवढ्या छोट्या अल्टरनेटरची कार्यक्षमता ८० ते ८२ टक्के धरा, म्हणजे शाफ्टवर ४.९ किलोवॉट लागतील. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे. टर्बो नसलेलं इंजिन दर १०० मीटरला सुमारे एक टक्का ताकद गमावतं, म्हणजे पाचेक टक्के इथेच गेले. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी ४० अंशांच्या वर जातं, त्याचे आणखी तीन-चार टक्के. एकूण नऊ टक्के धरले तर ५.४ किलोवॉट. वर दहा टक्के राखीव ठेवले की ५.९ किलोवॉट, म्हणजे ८ एचपी.

याच हिशोबानं ७ एचपीचं इंजिन त्याच अल्टरनेटरवर साडेतीन किलोवॉटच्या आसपास देईल. तुमच्या शेडला तेवढं पुरत असेल तर ७ एचपी घ्यायला हरकत नाही, फक्त जनरेटरवर "५ केव्हीए" लिहून कामगारांना फसवू नका. मापाचा अंदाज यावा म्हणून: किर्लोस्करचं टीव्ही-१, जे अनेक इंजिनिअरिंग कॉलेजांच्या प्रयोगशाळांमध्ये उभं असतं, ते १५०० फेऱ्यांना ५.२ किलोवॉटचं आहे, बोअर ८७.५ मिमी, स्ट्रोक ११० मिमी. एअर-कूल्ड टीएएफ-१ त्याच बोअर-स्ट्रोकचं, पण ४.४ किलोवॉटचं.

आता लोडची यादी करा. ड्रिल, बेंच ग्राइंडर, दिवे, पंखे हे सोपं. खरी अडचण कॉम्प्रेसरची. २ एचपीची मोटर चालू होताना पाच-सहा पट करंट ओढते. ती सगळ्यांत आधी, एकटी चालू करायची, आणि टाकीत हवा भरलेली असेल तर आधी सोडून द्यायची. वेल्डिंगसाठी हा सेट धरू नका. जुना ट्रान्सफॉर्मर वेल्डर तर नाहीच, इन्व्हर्टर वेल्डरही कमी अँपिअरवर, पातळ रॉडनं, तेही गरजेपुरतंच.

३. इंजिन निवडताना एकच प्रश्न: वेग धरतं का?

एचपीपेक्षा हे महत्त्वाचं, आणि सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात.

रिक्षा किंवा सहा आसनी टमटमचं सिंगल सिलिंडर डिझेल भंगारात सहज मिळतं, चालू करून दाखवतात, आवाजही छान येतो. ते जनरेटरला घेऊ नका. गाडीच्या इंजिनात मधला वेग ड्रायव्हर पायानं सांभाळतो. गव्हर्नर (वेग आपोआप धरणारी यंत्रणा) असला तरी तो मुख्यतः आयडलिंग आणि कमाल वेग यांच्यापुरता. जनरेटरला पाय नाही. कॉम्प्रेसर लागला की इंजिन बसतं, सुटला की उसळतं, आणि त्या उसळीत फ्रिज, एलईडी आणि सीएनसीचं कार्ड जातं.

तुम्हाला हवं ते स्थिर वेगाचं इंजिन. रिकाम्या लोडवरून पूर्ण लोडवर गेल्यावर वेग ४ ते ५ टक्क्यांपेक्षा जास्त पडता कामा नये. दुकानदाराला सरळ विचारा, "हे जनरेटरचं आहे की पंपसेटचं?" दोन्ही बाहेरून सारखी दिसतात. फरक गव्हर्नरमध्ये, फ्लायव्हीलमध्ये आणि कागदांमध्ये असतो. सिंगल सिलिंडर फोर-स्ट्रोक १५०० फेऱ्यांवर सेकंदाला फक्त साडेबारा वेळा पेटतं. मधल्या रिकाम्या काळात शाफ्ट फिरत ठेवायचं काम फ्लायव्हीलचं. हलकं फ्लायव्हील असेल तर बल्ब त्याच ठोक्यावर मिणमिणतो, आणि गव्हर्नर कितीही पिळला तरी थांबत नाही.

३००० फेऱ्यांच्या पोर्टेबलसाठी लोक १८६एफ प्रकारचं एअर-कूल्ड डिझेल घेतात. त्यावरचा "१० एचपी" हा ३६०० फेऱ्यांचा कमाल आकडा असतो. ३००० वर सतत मिळते ती ताकद पावणेसहा किलोवॉटच्या आसपास धरा. दुसरी भानगड शाफ्टची. या सेटमध्ये रोटर थेट इंजिनाच्या निमुळत्या शाफ्टवर बसतो आणि आरपार लांब बोल्टनं आवळतात. पेट्रोल इंजिनाचा टेपर आणि डिझेलचा टेपर जुळेलच असं नाही. इंजिन घ्यायला जाताना रोटर सोबत न्या. टेपरला निळा रंग लावून बसवा आणि काढा. रंग सगळीकडे सारखा पुसला गेला तरच जुळलं म्हणायचं. न जुळणारा टेपर बोल्ट आवळून जुळत नाही, महिनाभरात शाफ्ट खातो.

४. कागद

१ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या नव्या इंजिनांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी-४ प्लस हे उत्सर्जन नियम लागू आहेत. नवीन इंजिन घेताना हे कागद हातात आल्याशिवाय पैसे सोडू नका:

- जीएसटी बिल, त्यावर इंजिन नंबर
- जनरेटर वापरासाठीच्या टाइप अप्रूव्हलची प्रत (ही चाचणी करणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय, म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, आपल्या पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे)
- इंजिनावरची उत्सर्जनाची पट्टी, नंबर बिलाशी जुळणारा
- वॉरंटी कार्ड आणि पार्ट्स बुक

पंपसेटच्या इंजिनाला ही जनरेटरची उत्सर्जन पट्टी नसते, म्हणूनच ते स्वस्त वाटतं. तपासणीत तेच पकडलं जातं. तुमच्या युनिटच्या एमपीसीबी (महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ) संमतीपत्रात डीजी सेट (डिझेल जनरेटर) नोंदलेला असेल, तर इंजिन बदलल्याची नोंदही तिथे करून घ्या. शेड भाड्याची असेल तर मालकाचं पत्र. आवाजाची मर्यादा बंद कॅनॉपीपासून (जनरेटरभोवतीच्या आवाज अडवणाऱ्या पेटीपासून) एक मीटरवर ७५ डेसिबल आहे. उघडं सिंगल सिलिंडर डिझेल त्यात बसत नाही, म्हणून कॅनॉपीचा खर्च पहिल्याच दिवशी धरा.

५. सामान आणि हत्यारं

बेससाठी १०० बाय ५० चं सी-चॅनेल, चार एव्हीएम (रबरी माउंट), कपलिंग (दोन शाफ्ट जोडणारा सांधा) किंवा पुल्या, स्टीलचे शिम (पायांखाली घालायच्या पातळ पट्ट्या) ०.०५, ०.१, ०.२ आणि ०.५ मिमी, डिझेल फिल्टर पाणी-सापळ्यासह, तेलाला टिकणारी नळी आणि क्लिपा, सायलेन्सर, एक्झॉस्टचा लवचिक बेलो, ग्लासवूल. इलेक्ट्रिकसाठी २५ अँपिअरच्या वरचा दोन पोलचा चेंजओव्हर (लाइन की जनरेटर ते निवडणारा स्विच), २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (लीकेज झालं की पडणारा स्विच), ४ चौरस मिमीची तांब्याची केबल.

डायल गेज मॅग्नेटिक स्टँडसह, फीलर गेज, टॉर्क पाना, मल्टिमीटर (हर्ट्झ दाखवणारा), क्लॅम्प मीटर, चेनपुली आणि तिपाई. डायल गेज नसेल तर भाड्यानं किंवा शेजारच्या टूलरूममधून आणा, पण डोळ्यानं अलाइनमेंट करू नका.

खरेदीला फिरताना: वायरी, स्विच, एमसीबी तपकीर गल्लीत, नट-बोल्ट, क्लिपा, हत्यारं बोहरी आळीत, बेअरिंग आणि पट्टे नाना पेठेत. बुधवारी-रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात डायल गेज आणि पाने चांगले मिळतात. नोझल, फ्युएल पंप, एव्हीआर असल्या गोष्टी मात्र तिथून नकोत.

६. बेस

इंजिन आणि अल्टरनेटर दोघांचे पाय एकाच कडक बेसवर घट्ट बसले पाहिजेत. एव्हीएम त्या बेसच्या खाली, जमिनीच्या बाजूला. काही जण इंजिन रबरावर ठेवतात आणि अल्टरनेटर थेट चॅनेलवर. चालू झालं की इंजिन थरथरतं, अल्टरनेटर नाही, आणि दोघांमधलं कपलिंग रोज मार खातं. महिन्या-दोन महिन्यांत रबर फाटतं, नाहीतर अल्टरनेटरचं पुढचं बेअरिंग जातं.

पायांखाली १० मिमीच्या पट्ट्या वेल्ड करा. वेल्डिंग झालं की बेस वाकतो, कितीही टाके मारून सांभाळलं तरी. म्हणून जमत असेल तर पट्ट्यांची वरची बाजू प्लेनर किंवा मिलिंगवर एकाच सेटिंगमध्ये साफ करून घ्या. जुन्याच बेसवर काम करणार असाल तर वेल्डिंगच्या आधी एव्हीआर आणि बॅटरी सोडवा. अर्थिंगचा क्लॅम्प बेअरिंगच्या पलीकडे लावू नका. करंट बेअरिंगमधून गेला तर गोळ्यांवर डाग पडतात.

शाफ्टची उंची मोजा. दोनपैकी ज्याची कमी, त्याच्याखाली पॅकिंग. इंजिन शक्यतो खाली पक्कं ठेवा आणि सरकवायचा तो अल्टरनेटर, कारण तो हलका.

७. कपलिंग आणि अलाइनमेंट

एक दिवस इथे घालवलात तरी चालेल. बाकी सगळं चुकलं तर दुरुस्त होतं, इथलं चुकलं तर क्रँक मोडतो.

आधी कपलिंगचं माप. ५.२ किलोवॉट १५०० फेऱ्यांवर म्हणजे ३३ न्यूटन-मीटर टॉर्क. पण सिंगल सिलिंडर डिझेलचा टॉर्क सरळ नसतो, ठोक्याठोक्यानं येतो, म्हणून तीनपट धरून १०० न्यूटन-मीटरचं कपलिंग घ्या. टायर कपलिंग किंवा रबर स्पायडरचं जॉ कपलिंग चालतं. मोटर-पंपाच्या तक्त्यातून ३३ चं निवडलंत तर स्पायडरचा चुरा होणार. लोखंडाला लोखंड असं कडक कपलिंग टर्नर अर्ध्या तासात करून देतो. नको.

बोअर शाफ्टवर हातानं ढकलता येईल इतपत, पण डगडगता नको. चावी खाचेत बाजूंनी घट्ट, वरून थोडी मोकळी. वरून दाबणारी चावी हब तिरका करते. हा तिरकेपणा नंतर अलाइनमेंटमध्ये निघत नाही, आणि माणूस शिम बदलत बसतो.

आता पाय. चारही बोल्ट आवळा, मग एक-एक ढिला करून त्या पायाखाली ०.०५ मिमीचा फीलर जातो का पाहा. गेला तर तो पाय अधांतरी आहे, आधी तिथे शिम. हे केल्याशिवाय डायल लावण्यात अर्थ नाही, कारण बोल्ट आवळला की बॉडी वाकते आणि वाचन बदलतं.

डायलचं मॅग्नेटिक स्टँड इंजिनाच्या फ्लायव्हीलवर चिकटवा, टोक अल्टरनेटरच्या हबच्या परिघावर. दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवा. डीकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा) उचलून ठेवा म्हणजे इंजिन सहज फिरेल. १२, ३, ६ आणि ९ वाजता वाचन लिहा. १२ आणि ६ मधल्या फरकाचा अर्धा म्हणजे उंचीतली चूक, तेवढेच शिम लावा. समजा १२ ला शून्य आणि ६ ला ०.४० आलं, तर ०.२० चा एक शिम. ३ आणि ९ मधला फरक बाजूला सरकवून काढायचा. मग टोक हबच्या तोंडावर लावून तिरकेपणा बघा. परिघावर एकूण ०.१० मिमीच्या आत आलं की थांबा. रबर कपलिंग जास्त सहन करतं हे खरं, पण ती सूट गरम झाल्यावर इंजिन वर येतं त्याच्यासाठी ठेवा. एका पायाखाली तीन-चारपेक्षा जास्त शिम नकोत, जास्त लागत असतील तर जाड पट्टी टाका. पत्र्याच्या डब्याचे तुकडे शिम म्हणून वापरू नका, ते दबतात.

पट्ट्यानं चालवायचं असेल तर

इंजिन आणि अल्टरनेटरच्या फेऱ्या वेगळ्या असतील, किंवा उंची कशीच जुळत नसेल, तर पट्टा बरा. १५०० ला १५०० असेल तर दोन्ही पुल्या सारख्या. ३००० चा अल्टरनेटर १५०० च्या इंजिनावर लावायचा तर इंजिनाची पुली दुप्पट. १५० मिमीच्या पुलीवर या ताकदीला बी सेक्शनचे तीन पट्टे घ्या, तिन्ही एकाच मापाच्या जोडीचे. एक तुटला तर तिन्ही बदलायचे, नाहीतर नवा एकटाच सगळा भार ओढतो. ताण असा, की मधोमध अंगठ्यानं दाबल्यावर दर १०० मिमी अंतराला दीड-दोन मिमी पट्टा खाली जावा. पट्टा एक-दोन टक्के घसरतो, तेवढा वेग नंतर गव्हर्नरवर वाढवून घ्या. पुली बेअरिंगच्या जितकी जवळ तितकी चांगली. आणि जाळीचं झाकण पहिल्या स्टार्टच्या आधी लावा.

फिरण्याची दिशाही बघून घ्या. बऱ्याच अल्टरनेटरना कुठलीही दिशा चालते, पण काहींच्या पंख्याची पाती एकाच दिशेनं हवा ओढतात. थ्री फेज असेल तर दिशा उलटली की फेजचा क्रम उलटतो आणि कॉम्प्रेसर उलटा फिरतो.

८. डिझेलची लाइन आणि हवा काढणं

पेट्रोलची टाकी वापरायची असेल तर ती पूर्ण रिकामी करून, डिझेलनं दोनदा धुवून, वाळवून. जीआय पाइप आणि जस्ताचा मुलामा असलेली टाकी नको. जस्त डिझेलमध्ये उतरतं आणि नोझल जाम करतं. टाकीचा तळ फ्युएल पंपापेक्षा फूटभर तरी उंच ठेवा म्हणजे डिझेल आपल्या भारानं येईल. नोझलमधून परत येणारी बारीक नळी टाकीच्या वरच्या बाजूला जोडा. ती मोकळी सोडली की दिवसभरात खाली डिझेलचं डबकं होतं.

हवा काढायचा क्रम:

- टाकीचा कॉक उघडा. फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दोन आटे ढिला करा. बुडबुडे थांबून सलग डिझेल आलं की आवळा.
- फ्युएल पंपावरच्या स्क्रूलाही तेच.
- नोझलकडच्या हाय-प्रेशर पाइपचा नट अर्धा आटा ढिला करा, डीकॉम्प्रेशन उचलून इंजिन फिरवा. थेंबाऐवजी ठोक्यागणिक पिचकारी आली की आवळा.
- पुन्हा फिरवा. नोझलमधून "चर्र, चर्र" असा कोरडा आवाज आला म्हणजे लाइन भरली.

नोझल बाहेर काढून फवारा बघायची हौस असेल तर हात लांब. सुमारे २०० बारचा फवारा कातडीतून सरळ आत जातो. वरून टाचणीएवढंच दिसतं, पण तातडीनं हॉस्पिटल गाठावं लागतं.

९. धूर, पाणी, गरम हवा

एक्झॉस्टचा पाइप मॅनिफोल्डच्या तोंडापेक्षा लहान कधीच नको. पाच-सहा मीटर न्यायचा असेल तर एक माप मोठा घ्या आणि काटकोनी वळणं दोनपेक्षा जास्त ठेवू नका. मॅनिफोल्ड आणि पाइपच्या मध्ये बेलो हवाच, नाहीतर पाइपचं वजन आणि थरथर मॅनिफोल्ड तडकवते. पाइपच्या सर्वांत खालच्या जागी पाणी काढायचा प्लग, वर पावसाचं टोपण. पुण्यातल्या जुलैत हे टोपण विसरलात तर पाणी सायलेन्सरमधून थेट व्हॉल्व्हवर येतं. उंचीचं सूत्र असं: इमारतीची उंची अधिक ०.२ गुणिले केव्हीएचं वर्गमूळ, मीटरमध्ये. ५ केव्हीएला इमारतीच्या वर साधारण अर्धा मीटर. शेडचं शटर अर्धं बंद करून आत जनरेटर चालवणं म्हणजे कार्बन मोनॉक्साइडला आमंत्रण, त्याला वास नसतो.

एअर-कूल्ड इंजिनाची गरम हवा बाहेर न्यायला पत्र्याचं डक्ट करा. तीच हवा फिरून परत आत आली की इंजिन तासाभरात ताकद सोडतं आणि दोष नोझलला लागतो. वॉटर-कूल्डला बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी घालू नका, जॅकेटमध्ये क्षार धरतात. बाहेर येणारं पाणी ७० ते ८० अंशांवर असावं. नळ पूर्ण सोडून इंजिन गारठवलं तर तेही वाईट, डिझेल नीट जळत नाही.

१०. वीज

हा टप्पा परवानाधारक वायरमनकडून करून घ्या, पण काय हवं ते तुम्हाला माहीत असू द्या. चेंजओव्हर असा, की महावितरणची लाइन आणि जनरेटर कुठल्याही स्थितीत एकत्र येणार नाहीत. फेजबरोबर न्यूट्रलही तुटला पाहिजे. दोन एमसीबी ठेवून "आधी हा पाड, मग तो उचल" ही पद्धत ज्या दिवशी चुकते, त्या दिवशी खांबावर चढलेल्या लाइनमनला करंट बसतो.

जनरेटरचा न्यूट्रल जनरेटरपाशीच अर्थला जोडा. हे केलं नाही तर आरसीसीबी शोभेचा राहतो, लीकेज झालं तरी पडत नाही. बॉडीला दोन वेगळ्या अर्थिंगच्या पट्ट्या.

११. पहिली स्टार्ट

१५डब्ल्यू-४० ऑइल, काडीवरच्या वरच्या खुणेपर्यंत, त्याच्या वर नाही. ऑइल-बाथ एअर क्लीनर असेल तर तोही खुणेपर्यंतच. जास्त भरलेलं ऑइल इंजिन ओढून घेतं आणि त्यावरच पळायला लागतं.

इंजिन असं पळत सुटलं तर डिझेल बंद करून थांबेलच असं नाही. म्हणून पहिल्या स्टार्टला एअर क्लीनर काढून, इनटेकच्या तोंडावर बसेल अशी लाकडी फळी हाताशी ठेवा. तोंडावर फळी दाबली की हवा तुटते आणि इंजिन मरतं. हात किंवा चिंधी लावू नका, ओढली जाते.

हँडलनं सुरू करताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवा, हँडलभोवती गुंडाळू नका. उलटा झटका आला तर मूठ सुटली पाहिजे. डीकॉम्प्रेशन उचला, वेग घ्या, लिव्हर सोडा, आणि पेटल्यावर हँडल ओढत न बसता सरळ बाहेर काढा.

दहा मिनिटं रिकामं चालू द्या. ऑइल प्रेशर, गळती, कपलिंगचा आवाज बघा. बंद करून गरम असतानाच पायांचे बोल्ट परत आवळा आणि डायल पुन्हा एकदा लावा.

१२. लोड आणि गव्हर्नर

खऱ्या मशिन जोडायच्या आधी खोटा लोड द्या. २०० लिटरचं प्लॅस्टिकचं पिंप पाण्यानं भरून त्यात १ किलोवॉटचे चार हीटर रॉड लावा, प्रत्येकाला वेगळा स्विच. रॉडची अर्थ वायर जोडलेली असू द्या आणि चालू असताना पाण्यात कोणी बोट घालू नये. एक, दोन, तीन असे वाढवत जा, प्रत्येक पायरीवर अर्धा तास.

रिकामं असताना ५२ हर्ट्झच्या आसपास लावा, म्हणजे पूर्ण लोडला ते ५० वर येईल. रिकामं असतानाच बरोबर ५० लावलं तर लोडला ४७-४८ वर घसरतं. बऱ्याच एव्हीआर ४७ च्या खाली मुद्दाम व्होल्टेज पाडतात, आणि मग लोक एव्हीआर बदलतात. आधी हर्ट्झ, मग व्होल्ट, हाच क्रम. वेग जुळल्याशिवाय एव्हीआरच्या पिळाला हात लावू नका.

चौथ्या रॉडला धूर काळा झाला तर इंजिनाची हद्द आली, तिथेच थांबा आणि तो आकडा बॉडीवर रंगवून टाका. पंपाचं सील फोडून डिझेल वाढवायचा सल्ला देणारे भेटतील. ताकद चार दिवस वाढते, पिस्टनची किंमत नंतर कळते.

काही नेहमीच्या तक्रारी आणि त्यांचं मूळ:

- व्होल्टेज उठतच नाही: अल्टरनेटर बरेच महिने बंद असेल तर उरलेलं चुंबकत्व गेलेलं असतं. इंजिन बंद ठेवून, एव्हीआरच्या फील्डच्या वायरी काढून, १२ व्होल्टची बॅटरी अधिक-उणे बघून फील्डला (चुंबक तयार करणाऱ्या वाइंडिंगला) सेकंद-दोन सेकंद लावा. मग वायरी परत जोडून चालू करा.
- वेग झोके घेतो: आधी लाइनमधली हवा, मग गव्हर्नरच्या लिंकमधला डगडगाट. स्प्रिंग सर्वांत शेवटी.
- पांढरा धूर आणि उशिरा पेटणं: थंड इंजिन, डिझेलमध्ये पाणी किंवा चुकलेलं टायमिंग. टीव्ही-१ चं डिझेल फवारायचं टायमिंग पिस्टनच्या वरच्या टोकाच्या २३ अंश आधी असतं, तुमच्या इंजिनाचं पुस्तकात बघा.
- बल्ब ठोक्यावर मिणमिणतो: फ्लायव्हील हलकं किंवा पट्टा सैल.
- ठराविक वेगावरच बेस नाचतो: एव्हीएम वजनाला जुळत नाहीत, बहुतेक वेळा जास्त कडक आहेत.

पूर्ण लोडला तासाला दीड ते पावणेदोन लिटर डिझेल जाईल, निम्म्या लोडला लिटरभर. याहून खूप जास्त लागत असेल तर नोझल दाखवा.

पहिलं ऑइल २५ ते ५० तासांत बदला, नव्या इंजिनाचा लोखंडाचा चुरा त्यातच येतो. त्याच वेळी गार इंजिनावर टॅपेट (व्हॉल्व्हची फट) आणि सगळे बोल्ट तपासा. पुढचा अवधी पुस्तकाप्रमाणे. दोन ट्यूबलाइट आणि एका पंख्यासाठी तासन्‌तास चालवू नका, ३० टक्क्यांच्या खाली सतत चाललं की सायलेन्सरमधून काळं तेल गळायला लागतं. लाइट जात नसेल तरी दर गुरुवारी, मशिन बंद असतात तेव्हा, पिंपातले तीन रॉड लावून अर्धा तास चालवा आणि तास, हर्ट्झ, व्होल्ट कॅनॉपीच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवा.